मँडरिन शिकवणारं बोलकं पेन: सिंगापूरच्या मराठी घरातला अनुभव

चायनीज न्यू इयरच्या सेलमध्ये घेतलेलं हे पेन दिवाळीपर्यंत जवळजवळ रोज वापरलंय, म्हणून आता लिहितेय. मुलगा पाच वर्षांचा. इथे पहिलीपासून शाळेत 'मातृभाषा' हा विषय असतो. तमिळ आहे, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दूही घेता येतात, मराठी मात्र नाही. ओळखीतले बहुतेक जण हिंदी घेतात. आम्ही मँडरिनचा, म्हणजे चिनी भाषेचा, विचार करतोय आणि घरात कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नाही.

सेटमध्ये चित्रकार्डं, गोष्टींची पातळ पुस्तकं आणि पेन. पानावर सहसा नजरेत न येणारे बारीक ठिपके छापलेले असतात, पेनच्या टोकाचा सेन्सर ते वाचतो आणि शब्द ऐकू येतो. टोकाला पोळीचं तूप लागलं की बंद. पुसलं की परत सुरू.

पैसे वसूल झाले ते सुरांसाठी. 'मा' उंच आणि सपाट म्हटलं तर आई, वर चढवलं तर ताग, खाली बुडवलं तर घोडा, वरून आपटलं तर रागावणं. आम्ही दोघं अजून घोड्यालाच हाक मारतो, पोरगा नाही. 'नी हाओ'मध्ये दोन्ही अक्षरं बुडणाऱ्या सुराची, पण तसे दोन सूर लागोपाठ आले की पहिला चढतो. सोबतच्या माहितीपुस्तिकेत हे कुठेच सांगितलेलं नाही. मूल ऐकून उचलतं, पालक कार्डावरची खूण बघत बसतात.

आता पिनयिनबद्दल, म्हणजे रोमन लिपीतल्या उच्चारांबद्दल. ते कार्डावर ठळक छापलंय आणि मला तेच सगळ्यात नडलं. मुलं याच वयात इंग्रजी फॉनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज, शिकतात आणि इथे तीच अक्षरं वेगळं बोलतात. पिनयिनचा 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी' तच्या जवळ, 'टी' थच्या. 'झेड' तर थेट चमच्यातला च, आणि 'जे' चंद्रातल्या चच्या आसपास. मराठी माणसाला हे सगळं जन्मजात येतं, फक्त कुणी सांगत नाही! मी पिनयिनवर कागदी टेप लावून देवनागरीत लिहिलं. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आजी ती कार्डं धडाधड वाचतात. व्यंजनं चोख, सूर मात्र सगळे एकाच पट्टीत, आणि नातू प्रत्येक शब्दाला "आजी, वर जा, वर!" करतो.

आवाज बीजिंगच्या वळणाचा आहे, शब्दाच्या शेवटी जीभ वळवणारा. बालवाडीतल्या लाओशी, म्हणजे बाई, तसं बोलत नाहीत. टॅक्सीला पेन 'छूत्सूछ' म्हणतं, सिंगापूरचे लोक 'तशी'. मंडईला इथे मलायवरून आलेला 'पाशा' चालतो, तो सेटमध्ये असणार तरी कसा! यावर उपाय सेटमध्येच निघाला: रेकॉर्ड करता येणारे कोरे स्टिकर. शेजारच्या आजींनी हसत हसत त्यांत स्थानिक शब्द भरून दिले, आणि आता मुलगा कार्डांपेक्षा तेच जास्त ऐकतो.

लिहिण्यासाठी पेनचा उपयोग शून्य, रेघांचा क्रम ते शिकवत नाही. ओळखायला मात्र बरं: एक झाड 'मू', दोन झाडं 'लिन' म्हणजे राई, तीन झाडं 'सन' म्हणजे गर्द रान. आकडेही पटकन येतात, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक. एकोणतीस-एकोणचाळीसची भानगडच नाही.

पेन हातात देऊन तुम्ही स्वयंपाकाला लागलात, तर पोर एकाच बेडकाला वीस वेळा टोचून हसत बसेल. शेजारी बसून "घोडा कुठाय?" विचारणारं कुणीतरी लागतं, मग त्याला मँडरिन येत नसलं तरी चालतं. तेवढा वेळ नसेल तर घेऊ नका. असेल तर वापरलेला सेट बघा, नव्याची किंमत अवाच्या सवा आहे. घेताना पेनची बॅटरी तपासा आणि कोरे स्टिकर शिल्लक आहेत का ते आधी विचारा.