आवाज अडवणाऱ्या खिडक्या: हॉर्न गेले, गरबा राहिला

वडोदऱ्यात डांडिया बाजारच्या मुख्य रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. रस्त्याकडच्या दोन्ही खोल्यांना यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, खिडक्या बसवून घेतल्या, मकरपुऱ्याच्या एका लहान फॅब्रिकेटरकडून. पाचापैकी साडेतीन तारे.

आधी तो ‘डबल ग्लासच घ्या’ म्हणून मागे लागला होता. 5 मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी. उन्हाला ठीक आहे. आवाजाचं म्हणाल, तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की एकाच सुराला दोन्ही कच खातात, शिवाय मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि बसच्या इंजिनाची घरघर बऱ्यापैकी आत येते. मी हट्टाने 12 मिलिमीटरची लॅमिनेटेड काच घेतली. ती म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा; मधल्या पीव्हीबीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या, पापुद्र्यात थरथर जिरते.

सरकती खिडकीही नको म्हटलं. तिला कडेने नुसता ब्रश असतो. खिडकीच्या एक टक्का जागेत जरी फट राहिली, तरी काच कितीही भारी असो, 20 डेसिबलच्या वर आवाज अडत नाही. दारासारखी उघडणारी, चारी बाजूंनी रबर दाबून बसणारीच घ्या. एवढं सगळं करून यांच्या कारागिराने जुन्या एसीच्या पाइपचं भोक तसंच उघडं ठेवलं! एक तारा तिथेच गेला. फोनवर फोन केले, तेव्हा येऊन बुजवलं.

आता मोबाइलवर बाहेर 75 दिसतं तेव्हा आत 45च्या आसपास. निवासी भागाची रात्रीची सरकारी मर्यादा 45च आहे, म्हणजे वाईट नाही. रिक्षांचे हॉर्न जवळजवळ गेलेच. नवरात्रात मात्र स्पीकरचा धमधमाट तसाच. कारागीर म्हणाला, “मासी, आ तो भींतमांथी आवे छे.” खरं आहे त्याचं. खालच्या पट्टीतले सूर भिंतीतून, स्लॅबमधून येतात, खिडकी बिचारी काय करणार. पण हे पैसे घेण्याआधी सांगायचं ना! उरलेला अर्धा तारा त्याचा.

आणखी एक. रस्ता गप्प झाल्यावर वरच्यांचा मिक्सर ऐकू यायला लागला. तो आधीही होताच, गोंगाटात झाकलेला. शिवाय खिडकी बंद म्हणजे हवाही बंद. एसी नसेल त्या खोलीत हा खर्च करू नका.

घ्यायच्याच असतील तर शेवटचा हप्ता देण्याआधी कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि ओढून बघा. सहज निघाली तर रबर नीट बसलेलं नाही. चारी कोपऱ्यांना करा, बिजागरीच्या बाजूला तर नक्कीच.