लुईस एफसी, ड्रिपिंग पॅन: साडेचार तारे, उरलेला अर्धा वाऱ्यानं नेला

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमच्याकडं फुटबॉलचा संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की आमच्या घरात जेवणं साडेअकरालाच उरकायची. त्या ईर्षेवर वाढलेला माणूस नोकरीसाठी ब्रायटनला आला आणि हौसेनं एका बड्या क्लबचा सामना बघायला गेला. दोनदा उभा राहिलो, तर मागच्यानं खांद्यावर टकटक केली. म्हटलं, हे काय आपलं काम नव्हे.

मग ऑफिसातल्या एकानं ससेक्समधल्या लुईस गावच्या छोट्या फुटबॉल क्लबचं नाव सुचवलं. ब्रायटनहून ट्रेननं जेमतेम वीस मिनिटं, आणि स्टेशनातून बाहेर पडून चालत पाच मिनिटांत मैदान. नाव ‘ड्रिपिंग पॅन’, म्हणजे मांस भाजताना खाली चरबी गोळा करायला ठेवतात ते भांडं. मैदान आहेही तसंच, भोवतालच्या जमिनीपेक्षा खोल. जवळच्या मठातले साधू इथं मीठ पिकवायचे अशी गावात आख्यायिका आहे. कडेला गवताचे उतार, समोर खडूच्या पांढऱ्या कड्यांचा डोंगर. बड्या स्टेडियमात काचेचे एक्झिक्युटिव्ह बॉक्स असतात ना, त्याऐवजी इथं चक्क समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडी खोपट्या!

बिअर गावातल्याच हार्वेज ब्रुअरीची. ती ग्लासात घेऊन मैदानाकडं बघत उभं राहता येतं, ही मोठी सोय. इंग्लंडात फुटबॉलच्या लीग पायऱ्यांसारख्या एकाखाली एक असतात, त्यातल्या वरच्या पाच पातळ्यांवर पुरुषांच्या सामन्यात मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला 1985 च्या कायद्यानं मनाई आहे. लुईसचा पुरुष संघ मी गेलो तेव्हा सातव्या पातळीवर, इस्थमियन लीगमध्ये होता. खेळही त्या बेताचाच, उंच चेंडू आणि भरपूर धक्काबुक्की. मला तर घरच्यासारखं वाटलं. नाजूक पासिंग बघायचं असेल तर टीव्ही लावा.

पण हे परीक्षण मी खरं तर मैदानाचं लिहीत नाही, सभासदत्वाचं लिहितोय.

क्लब 1885 चा, आणि तेव्हापासून याच मैदानावर. 1920 मध्ये ससेक्स काउंटी लीग निघाली तेव्हा संस्थापक संघांत हा होता. मग हळूहळू वर चढत 2008 मध्ये सहाव्या पातळीची कॉन्फरन्स साउथ लीग जिंकून थेट पाचव्या पातळीवर. सतरा-अठरा हजार वस्तीच्या गावाला ही उडी झेपण्यासारखी नव्हती. मॅनेजर गेला, बहुतेक खेळाडू गेले, पुढच्याच वर्षी संघ तळाला राहून खाली आला. पैशाची ओढाताण सुरूच होती. 2010 मध्ये समर्थकांच्या एका गटानं क्लब हातात घेतला आणि मालकी सगळ्यांना खुली केली. वर्षाची वर्गणी भरा, मालक व्हा. कितीही श्रीमंत असा, मत एकच.

आमच्या पेठेत हे कुणाला सांगितलं तर हसतील. तालीम आपलीच असते, त्याची पावती कशाला? पण पावतीमुळं एक गोष्ट झाली, ती आमच्याकडं झाली नाही. 2017 मध्ये या क्लबनं महिला आणि पुरुष संघांचं बजेट सारखं केलं. तेव्हा असं करणारा दुसरा क्लब नव्हता. 2023 मध्ये महिला एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडला याच खोलगट मैदानात यावं लागलं. लुईस 3-1 नं हरलं, पण एक गोल घातलाच की! पुढच्या वर्षी महिला संघ दुसऱ्या पातळीवरून खाली घसरला, हेही सांगायला हवं.

मी लेकीला घेऊन महिलांच्या सामन्यालाही गेलो. ती नऊ वर्षांची. गोलमागच्या कठड्याला लटकून तिनं गोलकीपरला इतक्या सूचना केल्या की शेजारचे आजोबा मला म्हणाले, हिला डगआउटमध्ये, प्रशिक्षकाच्या बाकावर पाठवा. माझ्या बहिणीनं या वयात शाहू स्टेडियम फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं, गलका झाला की मला नंतर विचारायची, गोल कुणी घातला?

घरी येऊन मालकीचा फॉर्म भरला. लेक म्हणाली, “बाबा, मग आता गोलकीपर आपलं ऐकणार?” मी म्हटलं, सर्वसाधारण सभेत विषय मांडू.

जाणार असाल तर जाड जाकीट घ्या. खोलगट मैदानात वारा लागणार नाही असं मला वाटलं होतं, चूक माझी. आणि मालक झालात तरी सामन्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मी गेटवर ऐटीत सांगून बघितलं.