जुन्या 300डीचं नोझल-प्रेशर आणि टायमिंग : सहा-सात महिने चालवल्यावर

गाडी मर्सिडीज डब्ल्यू123, 300डी. इंजिन ओएम617, पाच सिलिंडर, टर्बो नसलेलं. पाचही इंजेक्टरची (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) नोझल बदलून प्रेशर, म्हणजे किती दाबाला नोझल उघडतं ते, लावून घेतलं आणि नंतर पंपाचं टायमिंग, म्हणजे पंप डिझेल कधी देतो ते, केलं, त्याला आता सहा-सात महिने झाले. गॅरेजमधून बाहेर पडल्यावर पहिले आठ दिवस कुठलीही गाडी मालकाला बरीच वाटते, म्हणून लिहायची घाई केली नाही.

तक्रारी जुन्या डिझेलच्या नेहमीच्याच. थंड इंजिनाला एकाच सिलिंडरचा टणटण आवाज, आयडलिंगला थरथर, चढावर काळा धूर. टॅपेट (व्हॉल्वची फट) आधीच लावलेले होते (थंड इंजिनाला इनटेक 0.10 आणि एक्झॉस्ट 0.30 मिमी). ते झाल्याशिवाय इंजेक्टरवर संशय घेऊ नये. मग आयडलिंगला एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहिला. नट सैल केल्यावर टणटण बंद होते आणि इंजिनही फारसं पडत नाही, तोच इंजेक्टर आजारी. माझा चौथा निघाला.

पहिल्या पंपवाल्याने (डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याने) इंजेक्टर टेस्टरवर चढवले, फवारा डोळ्यांनी पाहिला आणि ‘ओके आहे’ म्हणून परत दिले. गेजकडे त्याने पाहिलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी मी समोर उभा राहून आकडे लिहून घेतले: 108, 104, 112, 91, 99 बार (दाबाचं एकक). या इंजिनाला नव्या नोझलचं उघडण्याचं प्रेशर 115 ते 123 बार हवं, वापरलेल्याचं 100 च्या खाली जाता कामा नये. म्हणजे दोन बाद. पण मला खटकलं ते सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यातलं अंतर. सगळे इंजेक्टर 105 ला सारखे असते तर गाडी थोडी सुस्त, पण गुळगुळीत चालली असती. 112 आणि 91 एकाच इंजिनात असले की प्रत्येक सिलिंडर वेगळ्या वेळी पेटतो, आणि थरथर तिथूनच येते.

प्रेशर पडतं कसं? आतली स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून मऊ पडते, सुई आणि तिची बैठक झिजते. मग सुई लवकर उघडते, बंद व्हायला उशीर लावते आणि शेवटी थेंब गाळते. त्या थेंबांचा धूर होतो. लवकर शिरलेलं डिझेल एकदम भडकलं की टणटण ऐकू येते.

प्रेशर वाढवायला स्प्रिंगमागे जाड शिम (धातूची पातळ चकती) घालतात. या इंजेक्टरमध्ये 0.05 मिमी जाडी वाढली की साधारण 3 बार वाढतात, त्यामुळे पाचही एका रेषेत आणायला चिकाटीचा माणूस लागतो. माझे 119 ते 121 मध्ये बसले. नवं नोझल चांगलं असेल तर टेस्टरचा दांडा हळू दाबताना कंगव्यावरून नख ओढल्यासारखी कुरकुर ऐकू येते. त्यानंतर उघडण्याच्या प्रेशरपेक्षा 20 बार कमी ठेवून दहा सेकंद थांबायचं. टोकावर थेंब धरता कामा नये. हे बघताना हात फवाऱ्यापासून लांब ठेवा. तो कातडीतून आत घुसतो, आणि बाहेरून बारीक टोचल्यासारखं दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठावं लागतं.

बसवताना इंजेक्टरखालचे उष्णतारोधक वॉशर दर वेळी नवेच घालायचे. जुना वॉशर एखाद्या भोकात चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो, हे फार वेळा होतं. टॉर्च मारून खात्री करा. रिटर्नचे कापडी पाइपही बदलून टाका, नाहीतर कडक झालेल्या पाइपमधून डिझेल पाझरत राहतं.

टायमिंगचं काम मी मुद्दाम काही आठवडे मागे ठेवलं, कशाने किती फरक पडतो ते कळावं म्हणून. नुसत्या नोझल-प्रेशरने टणटण गेली, आयडलिंग शांत झालं, चढावरचा काळा धूर निम्म्याहून कमी झाला. पण सकाळचा पांढरा धूर वाढला आणि खालच्या गिअरमधला पिकअप आधीपेक्षा मंद झाला. नवी नोझल घालून गाडी बिघडली, असं कुणालाही वाटेल. बिघडलं काहीच नव्हतं. पंप उशिरा डिझेल देत होता आणि मऊ इंजेक्टर लवकर उघडून तो उशीर झाकत होते. इंजेक्टर सुधारले आणि पंपाचं पितळ उघडं पडलं.

या पंपाचं डिलिव्हरी सुरू होण्याचं टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) 24 अंश आधी असतं. माझं 22 च्या आसपास सापडलं. कारण बहुधा चेन. ती ताणली की कॅमशाफ्ट आणि पंप दोघेही मागे पडतात. तपासायची पद्धत ठिबकण्याची. पंपावर पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्वमधला (त्या सिलिंडरकडे डिझेल सोडणारी झडप) व्हॉल्व आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावायचा, त्यावर वाकडी नळी बसवायची, रॅक (पंपातली डिझेलचं प्रमाण ठरवणारी पट्टी) फुल लोडला ठेवून डिझेल वाहू द्यायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. धार बारीक होत होत थेंबांवर येते, त्या जागी पुलीवरचे अंश वाचायचे. इंजिन फक्त चालण्याच्याच दिशेने फिरवा. खूण ओलांडली तर मागे आणू नका, पूर्ण दोन फेरे मारा. उलट फिरवलं की चेनचा ढिलेपणा वाचनात शिरतो.

लक्षात घ्या, ठिबकण्याच्या पद्धतीत पंपाचं टायमिंग कळतं, इंजेक्टरचं नाही. इंजेक्टर 90 ला उघडतो की 120 ला, ते या नळीत दिसत नाही. 24 अंशांचा आकडा इंजेक्टर नियमात आहेत असं धरून दिलेला आहे. म्हणून आधी प्रेशर, मग टायमिंग. उलटा क्रम म्हणजे पैसे दोनदा.

24 वर आणल्यापासून पांढरा धूर पहिल्या मिनिटाभरात विरतो. पिकअप आला, म्हणजे या इंजिनात जेवढा होता तेवढा. मुळातच 80 ते 88 पीएसचं (हॉर्सपॉवरसारखंच माप) धूड आहे. मायलेजमध्ये किरकोळ वाढ आहे, जाहिरात करण्याइतकी नाही. काही जण 26 पर्यंत पुढे नेतात. मी थोडं पुढे करून पाहिलं, खडखड वाढली, परत आणलं. तसंच ‘प्रेशर 140 करा, फवारा बारीक होईल’ हा सल्ला. टर्बोच्या इंजिनाला 135 ते 145 असतं, माझ्या नाही. आणि 1997 साली अल्फा रोमिओ 156 मध्ये आलेल्या कॉमन रेलचे (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारी नवी पद्धत) 1350 बार ऐकून इथे हात शिवशिवत असतील तर आवरा. प्रीचेंबरमधलं (सिलिंडरच्या वरची छोटी कोठी, जिथे डिझेल आधी पेटतं) हवेचं वादळच मिश्रण करतं, फवाऱ्याला तेवढा जोर लागत नाही.

मागच्या आठवड्यात इंजेक्टर काढून पुन्हा टेस्टरवर घेतले: सगळे 115 ते 117 मध्ये. नवी नोझल आणि स्प्रिंग बैठक धरताना थोडे बार सोडतातच. पाचही सारखे उतरलेत, त्यामुळे शिमला हात लावला नाही. वॉशर नवे घालून 70 ते 80 न्यूटन-मीटरला परत आवळले. आता चेन किती ताणली आहे ते कॅमशाफ्टच्या खुणेवर मोजून घेणार आहे.