ट्रिस्क्वेल की डेबियन?
दोन्ही लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम; ट्रिस्क्वेलमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो असं. जुन्या लॅपटॉपवर ट्रिस्क्वेल टाकलं की आवाज, लिब्रेऑफिस, ब्राउझर बहुतेक लगेच चालतात. अडतं ते वायफाय! त्यातला लिनक्स-लिब्रे कर्नल (सिस्टिमचा गाभा) बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारा पण कोड खुला नसलेला छोटा प्रोग्राम, लोडच करत नाही, त्यामुळे इंटेलचं कार्ड गप्प बसतं. कर्नलच्या लॉगमध्ये ‘डीब्लॉब्ड’ (बंदिस्त भाग काढलेला) दिसलं की सेटिंग्ज चाळत बसू नका. अथेरॉस एआर९२७१ चिपचा यूएसबी अडॅप्टर लावा. त्याचं फर्मवेअरही मुक्त आहे.

डेबियनमध्ये १२व्या आवृत्तीपासून (२०२३) इन्स्टॉलरच लागेल ते बंदिस्त फर्मवेअर टाकतो. सोय मोठी आहे. उद्यापासून कामाला हवा असलेला नवा लॅपटॉप असेल, तर डेबियनच घ्या.

पण आपल्या सिस्टिममधला प्रत्येक प्रोग्राम उघडून तपासता, बदलता यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी अडॅप्टर विकत घेतो आणि ट्रिस्क्वेल वापरतो.