शिकवणं चांगलं, पट झेपत नाही (साडेतीन तारे)

मुलगी दोन वर्षं या सरकारी माध्यमिक शाळेत आहे. प्रवेशाआधी इतर पालकांचे अभिप्राय वाचले होते. सगळ्यांनी मैदान आणि निकालाबद्दल लिहिलं होतं, एका तुकडीत मुलं किती ते कुणीच नाही. म्हणून हे लिहितेय.

आठवीत तिच्या तुकडीचा पट ६८. वर्गात दोघांचे २० बाक, म्हणजे खोली चाळीस जणांची. एकेका बाकावर तिघं कोंबली तरी आठ उरतात, ती मागे भिंतीला टेकून जमिनीवर. माझी लेक कधी कडेला, कधी मधे. मधे बसली त्या दिवसाचं पान मी लगेच ओळखते. कोपर हलवायला जागा नसते, त्यामुळे अक्षर आखडतं आणि ओळ तिरकी वर चढत जाते.

गणिताच्या बाई मनापासून शिकवतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ४० मिनिटांच्या तासातली सहा-सात मिनिटं हजेरीतच जातात. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी ६८ वह्यांना सव्वादोन तासांहून जास्त लागतात, आणि बाईंकडे अशा चार तुकड्या. मग वहीवर फक्त लाल टिक आणि सही. समीकरणात पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेताना माझी लेक वजाचं अधिक करायला विसरत होती. दोन महिने विसरत होती, आणि दर पानावर टिक! घरी मला दिसलं तेव्हा सहामाही होऊन गेली होती.

विज्ञानाचं तर विचारूच नका. सूक्ष्मदर्शक दोन. हिची पाळी आली तेव्हा "दिसलं का? चल, पुढचा" म्हणेपर्यंत भिंग जुळवूनही झालं नव्हतं. पेशीची आकृती तिनं पुस्तकातून उतरवली. गुण मात्र पैकीच्या पैकी.

"आम्ही सत्तर जण होतो, शिकलोच ना," असं माझा भाऊ म्हणतो. शिकला खरा, पण त्याच्या बाकावरचे दोघं नववीतच गळाले.

नववीत नव्या खोल्या झाल्या आणि तुकडी फुटली, ३४-३४. आम्ही खूश. पण खोल्या आल्या, शिक्षक आले नाहीत. पहिलं सत्रभर बाई दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यात ये-जा करत होत्या, एका वर्गाला गणित देऊन दुसऱ्याला शिकवत. त्या सत्रात बीजगणिताचे गुण उलट घसरले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियानं खालच्या इयत्तांचे वर्ग विसांपर्यंत आणायचं ठरवलं, तेव्हा तिथेही हीच गत झाली होती. घाईघाईत अर्धवट प्रशिक्षणाचे शिक्षक भरावे लागले, आणि ग्रंथालयांत वर्ग भरले. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं चाललेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ च्या वर्गांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे गेले हे खरं, पण ती तिसरीपर्यंतची मुलं. त्यावरून नववी-दहावीचं भाकीत मी करणार नाही.

दुसऱ्या सत्रात दुसऱ्या बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चिन्हाची चूक पकडली, वहीत खाली तीन उदाहरणं घालून दिली आणि दुसऱ्या दिवशी तपासलीही. वार्षिकला ४८ चे ६३ झाले. सगळं श्रेय जागेला देत नाही, पोरगीही वर्षभरानं मोठी झाली. पण आता ती वर्गात हात वर करते, आणि तो दिसतो.

दीड तारा कापला तो स्वच्छतागृहाच्या रांगेसाठी (मधली सुट्टी त्यातच संपते) आणि ग्रंथालयासाठी. तिथे अजून एक वर्ग भरतो. पुस्तकं मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या कपाटात आहेत, किल्ली शिपाईकाकांकडे, आणि शिपाईकाका बहुतेक वेळा फाटकावर.