भूक खरी, राजवाडा खोटा : 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' काही महिन्यांनंतर

सारा जे. मास यांचं हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते धान कापणीच्या दिवसांत. मग उन्हाळ्यात पुन्हा वाचलं, मधल्या काळात दुसरा भागही झाला. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते तर नुसती स्तुतीच झाली असती. आता पुस्तक मनात बरंच मुरलंय आणि त्याच्याबद्दल माया आणि राग दोन्ही आहेत. पुढे कथानक उघड होणार आहे. ज्यांना वाचायचंय त्यांनी आधी वाचून घ्यावं.

2015 साली आलेली ही कादंबरी 'ब्यूटी अँड द बीस्ट' या जुन्या परीकथेवर बेतलेली आहे. फेयरा नावाची 19 वर्षांची मुलगी जंगलात लांडगा मारते. तो लांडगा म्हणजे माणसांच्या मुलखाला वेगळं करणाऱ्या भिंतीपलीकडच्या प्रिथियन या परीलोकांच्या देशातला रूप बदललेला परीपुरुष निघतो, आणि त्या जिवाच्या बदल्यात टॅमलिन नावाचा एक पशू तिला आपल्या राजवाड्यात घेऊन जातो. या देशात सात दरबार आहेत, चार ऋतूंचे आणि पहाट, दिवस, रात्र असे तीन. टॅमलिन वसंत दरबाराचा स्वामी.

मला पुस्तकानं धरलं ते सुरुवातीच्या प्रकरणांत. बर्फ पडतोय, घरात अन्न नाही, आणि ही मुलगी झाडावर बसून हरणाची वाट बघतेय. डोक्यात एकच हिशेब, हे मांस किती दिवस पुरेल आणि कातडं विकून काय हाती येईल. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात राहते. आमच्याकडे बर्फ नाही, पण जंगलात पोटासाठी जाणं काय असतं ते ठाऊक आहे. चैत्रात मोहफुलं वेचायला बायका पहाटे निघतात, त्या एकट्या कधी जात नाहीत. वेचताना मध्येच एकमेकींना हाका देत राहतात, कारण खाली वाकलेल्या बाईला मागचं दिसत नाही आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. हाकेला ओ आली नाही की सगळ्या टोपल्या तिथेच थांबतात. फेयरा ज्या सावधपणे झाडीकडे बघते, तो सावधपणा लेखिकेनं बरोबर पकडलाय.

तिच्या बापाचंही तसंच. धंदा बुडाला, घेणेकरी घरात शिरले आणि त्यांनी त्याचा गुडघा फोडला. तेव्हापासून तो शेकोटीजवळ बसून लाकडाच्या लहानसहान वस्तू कोरतो. लेकीला त्याचा राग येतो आणि तीच त्याच्या ताटात वाढते. आमच्या भागात कर्ज म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे ही पानं मी फार हळू वाचली. धाकटी असून घर ओढणारी फेयरा, तोडून बोलणारी थोरली नेस्टा, फुलांत रमणारी इलेन, या तिघी बहिणी मला पुस्तकातल्या सगळ्या जादूपेक्षा जिवंत वाटल्या. आणि नेस्टाचं तर काय सांगू! फेयराला कोण घेऊन गेलं ही घरच्यांची आठवण टॅमलिनच्या जादूनं पुसली जाते, सगळे विसरतात, पण तिच्यावर ती जादू चालत नाही. तीच बहिणीला आणायला त्या भिंतीपर्यंत जाऊन येते. हे कळतं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसले होते.

अजून एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फार कमी वाचक बोलतात. फेयराला नीट वाचता येत नाही. ती अडलेल्या शब्दांची यादी करते आणि कोणाला दिसू देत नाही. पुढे ती टॅमलिनला सोडवायला जाते, तेव्हा प्रिथियनवर सत्ता गाजवणारी क्रूर राणी अमरांथा डोंगराखालच्या कैदेत तिला तीन परीक्षा द्यायला लावते. त्यातल्या दुसऱ्या परीक्षेत भिंतीवर प्रश्न कोरलेला असतो, उत्तरासाठी तीन दांडे असतात, वरून तापलेलं सुळ्यांचं जाळं खाली येत असतं, आणि हिला तो प्रश्नच वाचता येत नाही. माझी आई सही करते, पण वाचू शकत नाही. बँकेत गेली की आधी कोणाच्या खिशाला पेन आहे ते बघते आणि मग म्हणते, "बाबू, चष्मा घरीच राहिला, येवढी स्लिप भरून दे ना." आई चष्मा वापरतच नाही. फेयराची ती लपवाछपवी, आणि टॅमलिन मदत करू का म्हणतो तेव्हा तिला आलेला राग, हे मी घरात पाहिलंय. एका प्रेमकथेत हे सापडेल असं वाटलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी लेखिकेला बरंच माफ करते.

पण सगळं नाही करत.

राजवाडा आला आणि भूक गेली. घरच्यांना टॅमलिन पुन्हा श्रीमंत करून टाकतो आणि ज्या चिंतेवर पुस्तक उभं होतं ती एका झटक्यात मिटते. मग मधली बरीच पानं जेवणं, बागा, चित्रं काढणं आणि एकमेकांकडे बघणं यात जातात. ती मी दुसऱ्यांदा वाचताना भराभर उलटली.

त्याहून मोठी तक्रार टॅमलिनबद्दल. जुन्या गोष्टीतला पशू खरोखर कुरूप असतो. 1756 साली मादाम द बोमाँ या फ्रेंच लेखिकेनं मुलींसाठी लिहिलेल्या रूपात तो रोज रात्री नायिकेला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती नाही म्हणते. तो ऐकून घेतो, निघून जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. त्या कथेचा सगळा जीव मला त्या विचारण्यात दिसतो. पंचतंत्रातल्या सापाशी लग्न झालेल्या मुलीच्या गोष्टीतही नवरा खरोखर साप असतो, रात्री तेवढी कात उतरवून माणूस होतो. इथे मात्र टॅमलिनच्या चेहऱ्यावर फक्त सोन्याचा मुखवटा चिकटलेला, त्याखाली देखणा पुरुष असणार हे राजवाड्यात पोचल्यावर लगेच कळतं. कुरूपावर माया जडायची जी अवघड वाट होती, ती लेखिकेनं घेतलीच नाही.

आणि तो विचारतही नाही. अग्निरात्रीच्या उत्सवात तो जादूच्या अमलाखाली तिला भिंतीशी अडवतो, मानेला चावतो, आणि दोष तिच्यावरच येतो, खोलीत राहायला सांगितलं होतं ना! हे वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक पोरीनं ऐकलंय. "कायले गेली होती रातच्याला बाहेर?" गणपतीतून उशिरा आलं तरी तेच, झाडीपट्टीचं नाटक बघून आलं तरी तेच. पुस्तकात हा प्रसंग गोड लाज म्हणून येतो. मला तिथे काही गोड वाटलं नाही. डोंगराखालच्या कैदेत रात्र दरबाराचा स्वामी रिसँड तिला रोज रात्री भुलीची दारू पाजून सगळ्यांसमोर नाचवतो, त्याचंही कारण नंतर सांगितलं जातं की हे तिला वाचवण्यासाठी होतं. कारण कळलं म्हणून ती पानं साफ होत नाहीत.

चाहते म्हणतात, दुसरा भाग वाचा. 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' 2016 साली आला. खरंच, तिथे टॅमलिन तिला घरात कोंडतो आणि पुस्तक त्याला कोंडणंच म्हणतं. तिसऱ्या परीक्षेत तिनं दोन निरपराध जीव स्वतःच्या हातानं मारलेले असतात, त्याचं ओझं तिला रात्री झोपू देत नाही. पहिल्या भागातला तो सर्वांत धाडसी प्रसंग होता आणि त्याची किंमत दुसऱ्यात मोजलेली दिसते. माझा निम्मा राग तिथे उतरला. उरलेला निम्मा राहिला, कारण अनेक मुली पहिलाच भाग वाचून थांबतात आणि त्यांच्या मनात राहतो तो मुखवट्यातला टॅमलिन.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मी मराठी माध्यमातली, तरी फार अडलं नाही. वाक्यं सोपी आहेत. पात्रं मात्र गुरगुरतात फार, तोच शब्द वाचून कंटाळा येतो. अमरांथानं परीक्षांसोबत घातलेलं कोडं वाचकाला फेयराच्या बरंच आधी सुटतं, तिला का सुटत नाही हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

पुस्तक मोठ्यांचं आहे, शरीरसंबंधांची वर्णनं मोकळी आहेत, त्यामुळे शाळेतल्या मुलींच्या हाती देऊ नये. माझी प्रत सध्या तालुक्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींमध्ये फिरतेय. देताना मी दोन गोष्टी सांगते. अग्निरात्रीचा प्रसंग वाचून झाला की माझ्याशी बोलायला ये, आणि पहिल्यावर थांबू नकोस, दुसराही घेऊन जा. एकीनं परवा पुस्तक परत करताना एवढंच विचारलं, "ताई, नेस्टाचं वेगळं पुस्तक आहे का?" आहे, 2021 साली आलंय. मागवलंय आम्ही दोघींनी मिळून.