तुळजापूरला चालत जायचं की नाटकात काम करायचं?

दसरा उरकला की सोलापुरात दोन बोलावणी हमखास येतात. एक, "कोजागरीला तुळजापूरला चालत येता का?" दुसरं, "राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवतोय, बारकी भूमिका आहे, करा की!" दोन्ही पूर्वी कधी केलं नसेल आणि जीव दोन्हीकडं ओढत असेल, तर मधेच गळालात तर कोणाचं अडेल, एवढं आधी बघा.

तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. संध्याकाळी निघून रात्रभर चालायचं. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत गेलेली देवी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, त्यासाठी ही सगळी गर्दी. वाटेत जागोजागी चहा-केळी वाटणारे उभे असतात. चालणं सोपं नाही. नव्या चपला घालून निघालेल्यांचे हाल तामलवाडीच्या अलीकडंच सुरू होतात. पण पाय बोलायला लागले तर तिथं थांबता येतं. बरोबरचे जरा चिडवतील आणि पुढं जातील. त्या काळात रस्त्यावरची वाहतूक वळवतात, तेवढी परतीची सोय आधी विचारून ठेवा. खर्च काय, तर एक रात्र, दुसऱ्या दिवशीची रजा आणि आखडलेल्या पोटऱ्या.

नाटकाचं तसं नाही. बारकी भूमिका म्हणजे समजा चार वाक्यांचा नोकर. पण तो पहिल्या अंकात दोनदा चहा आणतो आणि दुसऱ्या अंकात मालकाच्या मागं बराच वेळ नुसता उभा असतो. तो तालमीला आला नाही की दिग्दर्शक खुर्चीवर टॉवेल टाकून म्हणतो, "हा नोकर समजा." मग मालक टॉवेलकडं बघून रागावतो, सगळे हसतात आणि त्या दिवशीचा प्रवेश बसतच नाही. वाक्यं चार असली तरी संध्याकाळी सगळ्या द्याव्या लागतात. प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात. ती तारीख तुमच्या ऑफिससाठी पुढं सरकत नाही.

माझं मत विचाराल तर अनुभव म्हणून नाटक कितीतरी मोठं. डझनभर अनोळखी माणसं महिन्याभरात घरची होतात, हे एका रात्रीच्या चालण्यात होत नाही. म्हणूनच भिडेखातर होकार देऊ नये.

मधली वाट आहे, आणि ती फार थोडे लोक विचारतात: बॅकस्टेज. "भूमिका नको, पण रंगीत तालमीपासून प्रयोगापर्यंत प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणारं सामान, सांभाळतो," असं स्वच्छ सांगा. हौशी संस्थांना हात कायम कमी पडतात, बहुतेक आनंदानं घेतील. विंगेत उभं राहून नाटक कसं चालतं ते दिसतं, आणि पुढच्या वर्षी भूमिका घ्यायची की नाही तेही कळतं.

कामाच्या पाळ्या बदलत असतील, घरात तान्हं मूल असेल किंवा परीक्षा तोंडावर असेल, तर चालायला जा. संध्याकाळी सहानंतर खरंच मोकळे असाल तर नाटक घ्या. दोन्ही करायचं तर दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगा, "पौर्णिमा झाली की येतो." नाही म्हणायचं असेल तर तेही लगेच, "बघू की" म्हणून टांगून ठेवलं तर तो तुमची जागा धरून बसतो.

एक मात्र कॅलेंडर उघडून बघा. नाटक संपेपर्यंत जानेवारी येतो, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा. घरात कोणी यात्रेच्या मिरवणुकीतला उंच नंदीध्वज पेलणारं असेल तर सराव त्याच्या बराच आधी सुरू होतो, आणि गड्डा, म्हणजे यात्रेतला बाजार, बघायला बाहेरगावचे पाहुणे येतात ते वेगळंच. त्या दिवसांवर तिसरा होकार चढवू नका.

आणि होकार देण्याआधी तालीम सुरू किती वाजता होते हे विचारू नका, संपते कधी ते विचारा. "होईल की दहापर्यंत" असं उत्तर आलं, तर घरी साडेअकरा धरून चाला.